फोटोचा क्रमांक बदलला की ऑर्डर बदलते
स्टुडिओचालकांसाठी फाईलच्या नावांचा धडा

विरार पूर्वेला फुलपाडा, मनवेलपाडा या भागांत गेल्या काही वर्षांत वस्ती भराभर वाढली. वस्तीबरोबर लहान धंदेही आले आणि त्यांत फोटो स्टुडिओचा धंदा ठळकपणे दिसतो. एखादा गाळा, एक संगणक, एक-दोन कॅमेरे आणि घरातलीच दोन माणसे एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय उभा राहतो. वसई-विरारच्या पट्ट्यात ग्राहकही नाना प्रकारचे आहेत. कुणाकडे हळद आणि लग्न असते, कुणाकडे निकाह आणि वलीमा, तर कुणाकडे चर्चमधील विवाह. याखेरीज शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो आणि लहान कारखानदारांच्या मालाचे कॅटलॉग ही कामेही मिळतात.

या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. शेकडो फोटो एकदम सुधारायचे आणि एकदम बाहेर काढायचे, म्हणजेच 'बॅच एक्स्पोर्ट' करायचे. हे काम संगणक काही मिनिटांत करतो आणि करताना प्रत्येक फाईलला आपोआप नावही देतो. नाव देण्याची ही सोय कशी चालते हे समजून न घेतल्यास तीच सोय नुकसानीला कारण होते. म्हणून या लेखात तिचा पद्धतशीर विचार करू.

निगेटिव्हवरचा आकडा

ज्यांनी रोलच्या काळात धंदा केला आहे, त्यांना आठवत असेल की ३५ मिलीमीटरच्या फिल्मच्या कडेला प्रत्येक फ्रेमचा आकडा कारखान्यातूनच उमटून येत असे. रोल धुतला की १२, १२ए, १३ असे आकडे पट्टीवर दिसत. ग्राहक प्रिंट पाहून म्हणे, "१३ नंबरच्या चार कॉपी द्या." स्टुडिओवाला पाकिटावर तेवढेच लिहून ठेवी. सहा महिन्यांनी तोच ग्राहक परत आला, तरी रोल सापडला की १३ नंबर सापडत असे. त्या रोलमधील पाच फ्रेम खराब निघाल्या, तरी १३ ची १२ होत नसे. आकडा चित्राला कायमचा चिकटलेला होता.

डिजिटल कॅमेऱ्यातही अशी तरतूद आहे. डीसीएफ नावाचे मानक १९९८ साली जपानमध्ये ठरले आणि जगभरातील कॅमेरे ते पाळतात. त्यानुसार फाईलच्या नावात आधी चार अक्षरे आणि पुढे ०००१ ते ९९९९ यांपैकी एक आकडा असतो. कॅननच्या कॅमेऱ्यात 'आयएमजी_४४१८' आणि निकॉनच्या कॅमेऱ्यात 'डीएससी_४४१८' अशी नावे दिसतात, ती यामुळेच. हा आकडा म्हणजे आजच्या काळातील निगेटिव्हचा नंबर होय. फरक एवढाच की निगेटिव्हवरचा आकडा कुणाला पुसता येत नव्हता. हा आकडा मात्र एक्स्पोर्टच्या चौकटीतील एका चुकीच्या निवडीने पुसला जातो.

घोटाळा कोठे होतो

एक उदाहरण घेऊ. समजा, एका लग्नात १,८४० फोटो काढले. नको ते बाजूला करून १,२०० ठेवले आणि ग्राहकाला निवडीसाठी द्यायचे म्हणून एक्स्पोर्ट केले. नाव देताना 'लग्न' हा शब्द आणि त्यापुढे अनुक्रमांक अशी निवड केली. 'लग्न-०००१' पासून 'लग्न-१२००' पर्यंत फाईली तयार झाल्या. दिसायला सर्व व्यवस्थित आहे.

ग्राहकाने घरी बसून अल्बमसाठी १५० फोटो निवडले आणि आकड्यांची यादी पाठवली. त्यात ०४१२ हा आकडा आहे. त्या फोटोत नवरीचे वडील तिला निरोप देत आहेत. दरम्यान स्टुडिओत आणखी पाच फोटो धूसर आढळले, तेही ०४१२ च्या आधीचे. ते काढून टाकले, रंग थोडे सुधारले आणि सर्व फोटो नव्याने एक्स्पोर्ट केले. आता अनुक्रमांक पुन्हा पहिल्यापासून लागले. निरोपाचा फोटो ०४०७ झाला आणि ०४१२ हे नाव दुसऱ्याच फोटोला मिळाले. कारागीर यादी पाहून पाने लावतो आणि अल्बम छापून येतो. वडिलांच्या जागी मंडपातील खुर्च्यांचा फोटो येतो. छापलेला अल्बम पुसून दुरुस्त करता येत नाही. पाने पुन्हा छापावी लागतात आणि त्या कामाचा सारा नफा त्यात जातो. ग्राहकाच्या मनात जे बसते ते तर कशानेच भरून निघत नाही.

दुसरा घोटाळा याहून वाईट. ग्राहकाने निवडलेले १५० फोटोच पुन्हा एक्स्पोर्ट केले, नावाचा साचा तोच ठेवला, फोल्डरही तेच ठेवले आणि जुनी फाईल असल्यास तिच्यावर नवी लिहावी अशी मुभा दिली. संगणक 'लग्न-०००१' ते 'लग्न-०१५०' या जुन्या फाईलींवर नव्या फाईली लिहून टाकतो. जुन्या १५० गेल्या आणि फोल्डरमध्ये दोन वेगळ्या याद्यांची खिचडी झाली. मूळ फोटो जपलेले असतील तर निभावते. एक्स्पोर्ट मूळ फोल्डरमध्येच केला असेल आणि नावेही जुळली असतील, तर मूळ फोटोच नाहीसा होतो.

दोन्ही ठिकाणी कारण एकच आहे. अनुक्रमांक हा त्या दिवशी, त्या निवडीत, त्या फोटोची रांगेतील जागा दाखवतो. रांग बदलली की जागा बदलते. फोटोची ओळख म्हणून तो वापरता येत नाही. ओळखीसाठी कॅमेऱ्याने दिलेला आकडाच शेवटपर्यंत जपला पाहिजे.

नाव एकदाच द्यावे

यावर उपाय सोपा आहे. कार्डावरील फोटो संगणकात घेतानाच त्यांना कायमचे नाव द्यावे आणि पुढे कितीही वेळा एक्स्पोर्ट केले तरी तेच नाव चालू ठेवावे. या नावात चार भाग असावेत.

१) तारीख : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १२ मे २०२४ असेल तर २०२४०५१२. तारीख अशी लिहिली की फाईली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिल्यास जानेवारीची १२ आणि मेची १२ शेजारी येऊन बसतात.

२) कामाचा नंबर : आपल्या ऑर्डर वहीतील नंबर, उदाहरणार्थ ०३७. ग्राहकाचे नाव लिहू नये. एकाच आडनावाची दोन कामे एका महिन्यात येतात आणि ग्राहकाचे नाव फाईलबरोबर भलत्या हाती जाणेही योग्य नव्हे.

३) कॅमेऱ्याची खूण : ए, बी, सी.

४) कॅमेऱ्याचा मूळ आकडा : ४४१८.

पूर्ण नाव झाले २०२४०५१२-०३७-ए-४४१८. (वाचकांच्या सोयीसाठी येथे देवनागरीत दिले आहे. प्रत्यक्ष फाईलवर इंग्रजी अक्षरे व इंग्रजी आकडे वापरावेत. कारण पुढे येईल.)

कॅमेऱ्याची खूण कशासाठी, असे कोणी विचारील. मोठ्या समारंभात दोन कॅमेरे असतात आणि दोन्ही एकाच कंपनीचे असले तर दोघांतही ४४१८ हा आकडा येऊ शकतो. खूण नसेल तर दोन वेगळ्या फोटोंना एकच नाव मिळते. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचे कार्ड वेगळे उतरवावे आणि त्या वेळी खूण घालावी. काम सुरू होण्यापूर्वी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे जुळवून घ्यावीत. फोटो काढल्याची वेळ फाईलच्या आत नोंदली जाते आणि पुढे दोघांचे फोटो एका रांगेत लावताना तीच उपयोगी पडते.

कॅमेऱ्यात आकडे चालू ठेवायचे की नव्या कार्डाबरोबर पुन्हा ०००१ पासून सुरू करायचे, याची निवड असते. ती नेहमी 'कंटिन्युअस' म्हणजे चालू क्रमावर ठेवावी. नाहीतर एकाच दिवशी एकाच कॅमेऱ्याच्या दोन कार्डांवर तेच आकडे येतात.

केवळ वेळेवरून नाव देण्याची पद्धत काहीजण वापरतात. ती अपुरी आहे. एका सेकंदात कॅमेरा पाच-सहा फोटो काढतो, तेव्हा तास, मिनिट, सेकंद सारखेच येतात.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय निवडावे

लाईटरूम : फोटो आत घेताना, म्हणजे इम्पोर्टच्या वेळी, नावाचा साचा तयार करता येतो. त्यात तारीख, आपण लिहिलेला मजकूर (०३७-ए) आणि मूळ फाईलच्या शेवटचा आकडा हे भाग जोडावेत. एक्स्पोर्ट करताना नाव बदलण्याची खूण काढून टाकावी, म्हणजे दिलेले नाव तसेच राहते. त्याच चौकटीत 'एक्झिस्टिंग फाईल्स' अशी ओळ असते. आधीच त्या नावाची फाईल असेल तर काय करायचे, हे ती ठरवते. तेथे चार पर्याय आहेत: विचारणे, नवे नाव देणे, न विचारता वर लिहिणे आणि सोडून देणे. रोजच्या कामात 'विचारणे' हाच पर्याय ठेवावा. 'नवे नाव देणे' निवडल्यास दुसऱ्या फाईलच्या नावापुढे -२ लागते. कधी एकाच फोटोची रंगीत आणि काळी-पांढरी अशी 'व्हर्च्युअल कॉपी' केलेली असते, तेव्हाही असेच होते. पुढे कोणती कुठली हे नावावरून कळत नाही. अशा वेळी काळ्या-पांढऱ्या फोटोंचे फोल्डर वेगळे ठेवावे.

आणखी एक सूचना. लाईटरूममध्ये घेतलेल्या फोटोंची नावे विंडोजच्या खिडकीत जाऊन बदलू नयेत. लाईटरूमला ती फाईल मग सापडत नाही. नाव बदलायचेच असेल तर लाईटरूमच्या आतूनच बदलावे.

फोटोशॉप : 'ऑटोमेट' मधील 'बॅच' या सोयीत नावाचे भाग भरण्यासाठी सहा रकाने असतात. त्यांतील किमान एक भाग प्रत्येक फाईलसाठी वेगळा असला पाहिजे, नाहीतर फाईली एकमेकींवर लिहिल्या जातात. आपल्या कामासाठी फक्त 'डॉक्युमेंट नेम' आणि शेवटी 'एक्स्टेन्शन' एवढे दोनच भाग भरावेत. सेव्ह करण्याचे फोल्डर मूळ फोल्डरहून वेगळे द्यावे. येथे एक धोका आहे. आपण नोंदवलेल्या 'ॲक्शन' मध्ये 'सेव्ह ॲज' ही पायरी फाईलच्या नावासह असेल आणि बॅचच्या चौकटीत 'ओव्हरराईड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स' यावर खूण नसेल, तर प्रत्येक फोटो त्याच एका नावाने सेव्ह होत जातो. दोनशे फोटोंचे काम होते आणि शेवटी फोल्डरमध्ये एकच फाईल उरते.

लाईटरूम नसेल तर फोटो उतरवल्यावर अडोबीच्याच 'ब्रिज' मध्ये 'बॅच रिनेम' करून घ्यावे. आधीचे नाव फाईलच्या आत जपून ठेवण्याची सोय त्यात आहे. तिच्यावर खूण करावी. चूक झाली तर परत फिरता येते.

डार्कटेबल आणि डिजिकॅम : ही दोन्ही सॉफ्टवेअर मुक्त परवान्याची आहेत. धंद्यासाठीही त्यांना पैसे पडत नाहीत. डार्कटेबलमध्ये एक्स्पोर्ट करताना फाईलचे मूळ नाव, क्रमांक, तारीख असे भाग लिहून साचा बनवता येतो आणि नाव जुळल्यास काय करायचे हेही ठरवता येते. डिजिकॅममध्ये रांगेने फोटो बदलण्याची आणि नाव देण्याची सोय आहे.

इरफानव्ह्यू : हे हलके आणि लोकप्रिय आहे. मात्र ते घरगुती वापरासाठी फुकट आहे. धंद्यासाठी परवाना घ्यावा लागतो. स्टुडिओचालकांनी हे ध्यानात ठेवावे.

नावात काय नसावे

विंडोजमध्ये फाईलच्या नावात तिरक्या रेघा, अपूर्णविराम, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, कोनी कंस आणि उभी रेघ ही चिन्हे चालत नाहीत. म्हणून १२/०५/२०२४ अशी तारीख नावात लिहिता येत नाही. मोकळी जागाही टाळावी आणि तिच्याऐवजी आडवी रेघ वापरावी.

विंडोज देवनागरी नावे स्वीकारते. परंतु फाईली झिप करून पाठवताना किंवा लॅबच्या जुन्या यंत्रावर गेल्यावर त्यांची अक्षरे मोडण्याचा संभव असतो. म्हणून फाईलचे नाव इंग्रजी अक्षरांत ठेवावे. मराठीतील तपशील ऑर्डर वहीत लिहावा.

आकड्याआधी शून्ये लावावीत. १, २, १०, १०० अशी नावे असली तर काही सॉफ्टवेअर १ नंतर १० आणि १० नंतर १०० लावतात आणि २ त्यांच्या मागे जातो. ०००१, ०००२, ००१० असे लिहिले की क्रम कोठेही बिघडत नाही.

फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर असे खोल जाऊ नये. विंडोजच्या अनेक सॉफ्टवेअरना फोल्डरांसह संपूर्ण पत्ता सुमारे २६० अक्षरांपर्यंतच चालतो.

आणि 'फायनल', 'फायनल-नवीन', 'फायनल-खरे' अशी नावे तर देऊच नयेत. त्यांची गत नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशी असते. फाईलचे नाव तेच ठेवून फोल्डर चार करावेत: मूळ, निवडीसाठी, सुधारलेले आणि छपाईसाठी. २०२४०५१२-०३७-ए-४४१८ हा फोटो चारही ठिकाणी त्याच नावाने सापडला पाहिजे. मूळ फोल्डरमध्ये कोणताही एक्स्पोर्ट करू नये.

अनुक्रमांक कोठे चालतो

अनुक्रमांकाचा उपयोग नाही असे नव्हे. अल्बमची पाने ठरली, क्रम पक्का झाला आणि लॅबला त्याच क्रमाने छापायला द्यायचे असले, तर अनुक्रमांक लावावा. मात्र तो नावाच्या आधी जोडावा आणि मूळ नाव मागे तसेच राहू द्यावे: ००१-२०२४०५१२-०३७-ए-४४१८. लॅबला क्रम मिळतो आणि आपल्याला ओळख.

व्हॉट्सॲपवरील निवड

आज बहुतेक ग्राहक निवड व्हॉट्सॲपवरूनच करतात. तेथे एक अडचण आहे. फोटो साध्या पद्धतीने पाठवला की तो लहान होतो आणि अँड्रॉईड फोनवर उतरताना त्याला तारीख आणि 'डब्ल्यूए' अक्षरांचे नवेच नाव मिळते. ग्राहकाने तो परत पाठवला तर मूळ फाईल नावावरून शोधता येत नाही. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, नाव टिकते. किंवा निवडीच्या प्रतीवर खालच्या कोपऱ्यात फाईलचा नंबर छापूनच द्यावा. वयस्कर ग्राहकांना दुसरी पद्धत सोपी जाते. 'ए-४४१८' एवढेच त्यांनी कागदावर लिहिले तरी काम भागते.

शाळा आणि कारखान्यांची कामे

ओळखपत्रांच्या कामात एका वर्गात एकाच नावाची दोन-तीन मुले असतात. तेथे फोटोला शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नंबर द्यावा. हजेरीपटाचा नंबर दर वर्षी बदलतो, रजिस्टरचा बदलत नाही. मुलांची नावे फाईलवर न राहिल्याने त्यांची माहितीही सुरक्षित राहते.

मालाच्या कॅटलॉगसाठी कारखान्याचा मालनंबर हेच नाव ठेवावे आणि त्यापुढे बाजूची खूण जोडावी: ११५२-१ समोरून, ११५२-२ मागून. ऑनलाईन विक्रीसाठी फोटो जाणार असतील तर सर्व अक्षरे लहान लिपीतील ठेवावीत. विंडोज मोठ्या आणि लहान अक्षरांत फरक करत नाही. संकेतस्थळे ज्या संगणकांवर चालतात त्यांतील पुष्कळसे तो करतात, आणि मग फोटो असूनही दिसत नाही.

रोजची शिस्त

शेवटी चार नियम स्टुडिओच्या भिंतीवर लिहून लावावेत.

एक, कार्ड उतरवतानाच नाव द्यावे आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसू नये.

दोन, मोठा एक्स्पोर्ट करण्यापूर्वी दहा फोटोंवर तोच साचा चालवून पाहावा.

तीन, एक्स्पोर्ट झाल्यावर फाईली मोजाव्यात. १,२०० आत गेल्या तर १,२०० बाहेर आल्या पाहिजेत. आकडा कमी भरला तर कोठेतरी एकीवर दुसरी लिहिली गेली आहे किंवा काही फाईली सुटल्या आहेत असे समजावे आणि पुढचे काम थांबवावे.

चार, निवडीची यादी हातात आली की त्यांतील पाच फोटो उघडून ग्राहकाबरोबर पडताळून पाहावेत. मगच अल्बम छपाईला द्यावा.

या कामाला वेगळे भांडवल लागत नाही. एकदा साचा बनवून ठेवला की दुकानात नवा मुलगा कामाला आला तरी तो त्याच साच्याने काम करू शकतो. ग्राहक दोन वर्षांनी मुलीच्या लग्नातला एक फोटो मागायला आला, आणि त्याने सांगितलेल्या आकड्यावर नेमका तोच फोटो निघाला, तर पुढचे काम तो दुसरीकडे नेणार नाही. लहान धंद्याला एवढी पत पुरेशी आहे.